उरलेल्या पाव भागाचं काय?

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी अशा तीन नौका एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’बद्दल बोलताना एक आकडा आवर्जून सांगितला गेला: देशी वाटा सुमारे ७५ टक्के. असा वाटा असलाच पाहिजे, ही अट आता सरकारी कागदावर पक्की झाली आहे. सार्वजनिक खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा आदेश जून २०१७ मध्ये निघाला, सप्टेंबर २०२० मध्ये तो आणखी कडक झाला, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीने भारतीय आराखड्याच्या वर्गातली किमान मर्यादा ४० वरून ५० टक्क्यांवर नेली. ही अट मला हवीशी वाटते, पण आज ती ज्या रूपात आहे त्या रूपात नव्हे. माझं म्हणणं मांडायला मी संवादाची जुनी रीत घेतो आहे. पुढचा हिशेबनीस म्हणजे या अटीवरच्या आक्षेपांना दिलेली वाचा आहे. त्याची बाजू जमेल तितकी बळकट ठेवली आहे, कारण आक्षेप दुबळा करून खोडला तर त्यातून काहीच हाती लागत नाही.

हिशेबनीस : तुमच्या ७५ टक्क्यांचं कौतुक करण्याआधी पैशांचं बोलू या. ‘कोलकाता’ वर्गाच्या तीन विनाशिकांना २००० साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३,५८० कोटी होता. पुढे तो ११,६६२ कोटींवर गेला, म्हणजे तिपटीहून अधिक. ‘कोलकाता’चं जलावतरण २००६ मध्ये झालं आणि ती नौदलात आली २०१४ मध्ये. आठ वर्षं ती धक्क्याला बांधून होती. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेची कील, म्हणजे तळाचा कणा, २००९ मध्ये ठेवली, नौका मिळाली २०२२ मध्ये. हा पैसा करदात्याचा आहे, आणि करदात्याला देशाचं समुद्रावरचं रक्षण हवं आहे. सरकारने जहाज विकत घ्यावं. जहाजाच्या बिलात कारखानदारी वाढवण्याचा खर्च गुपचूप मिसळू नये. कारखानदारी वाढवायचीच असेल तर त्यासाठी वेगळी तरतूद करा, संसदेसमोर ठेवा, म्हणजे किती पैसे कशावर गेले ते लोकांना कळेल. अमेरिकेकडे बघा. १९२० च्या जोन्स कायद्याने दोन अमेरिकन बंदरांमध्ये माल नेणारं जहाज अमेरिकेतच बांधलेलं असलं पाहिजे अशी सक्ती केली. शंभर वर्षांच्या या संरक्षणानंतर जगाच्या व्यापारी जहाजबांधणीत अमेरिकेचा वाटा एक टक्काही उरलेला नाही. स्पर्धेपासून वाचवलेला धंदा असाच वाळत जातो.

लेखक : ‘कोलकाता’चा हिशेब तुम्ही काढलात हे बरं झालं, कारण तो अर्धाच सांगितला जातो. खर्च का वाढला याची कारणं कॅगच्या अहवालावरून झालेल्या चर्चेत स्पष्ट आली होती: युद्धनौकेच्या दर्जाचं पोलाद रशियाकडून वेळेवर आलं नाही, रशियन तंत्रसाहाय्याचे दर बांधणीच्या काळात चढत गेले, शस्त्रं आणि संवेदक यंत्रणांच्या किमती उशिरा ठरल्या. गोदीतली पगारवाढही त्यात होती, ते मी नाकारत नाही. पण यादीतली बहुतेक नावं बाहेरच्या मालाची आहेत. आणि बाहेरून तयार नौका घेतली तर किंमत पक्की राहते, हे तरी कुठे खरं आहे? रशियाची जुनी विमानवाहू नौका दुरुस्त करून ‘विक्रमादित्य’ म्हणून घ्यायचं ठरलं २००४ मध्ये, सुमारे ९७ कोटी डॉलरला. ती २०१३ च्या अखेरीस मिळाली, तोवर किंमत २३० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. करार झाल्यावर, पैसे दिल्यावर, अर्धं काम झाल्यावर विक्रेता भाव वाढवून मागतो, तेव्हा खरेदीदाराकडे दुसरा पर्याय नसतो. स्वस्त परदेशी जहाजाची तुलना महाग देशी जहाजाशी करताना आपण परदेशी जहाजाची कराराच्या दिवशीची किंमत धरतो आणि देशी जहाजाची शेवटच्या दिवसाची. हा हिशेब तुमच्यासारख्या माणसाने तरी मान्य करू नये.

आता त्या पोलादाकडे जरा जवळून बघू, कारण माझं सगळं म्हणणं तिथून निघतं. युद्धनौकेचं पोलाद कसं तपासतात? प्लेटमधून १० मिलिमीटर जाडी-रुंदीचा आणि ५५ मिलिमीटर लांबीचा एक तुकडा कापतात. त्याच्या मध्यावर २ मिलिमीटर खोल, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच पाडतात. मग तो उणे ६० अंशांपर्यंत गार करतात आणि लोलकासारख्या झुलत्या हातोड्याने एका फटक्यात फोडतात. तुटण्याआधी त्याने किती ऊर्जा पचवली ते मोजतात. हिंदी महासागर इतका गार कधीच होत नाही. पण जवळ सुरुंग फुटला, क्षेपणास्त्र आदळलं, तर नौकेची कातडी काचेसारखी तडकू नये, ती वाकावी, याची ही परीक्षा असते. या परीक्षेत उतरणारं पोलाद आपण वर्षानुवर्षं रशियाकडून आणत होतो. ‘विक्रांत’च्या वेळी ते मिळेना, तेव्हा हैदराबादची संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळा आणि स्टील अथॉरिटी यांनी मिळून डीएमआर २४९ नावाचं पोलाद तयार केलं. विमानं उतरण्याच्या डेकसाठी त्याची एक जात वेगळी, बाकी सांगाड्यासाठी दुसरी. ते जोडायला वेल्डिंगचे रॉडही नवे तयार करावे लागले. सगळं जमायला वेळ लागला आणि ‘विक्रांत’च्या उशिरात त्याचाही हात आहे. पण त्यानंतर ‘कमोर्ता’ वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौकांपासून आजच्या फ्रिगेटपर्यंत जवळपास प्रत्येक युद्धनौका याच पोलादाची आहे, आणि ‘पोलाद आलं नाही म्हणून काम थांबलं’ हे वाक्य आता गोदीत ऐकू येत नाही. ‘सुरत’चं जलावतरण मे २०२२ मध्ये झालं, ती जानेवारी २०२५ मध्ये ताफ्यात होती. तुमच्या ‘कोलकाता’च्या आठ वर्षांशी हे ताडून बघा. अडचणीचा एक माल देशात तयार झाल्याचा फायदा त्या पहिल्या जहाजाला मिळाला नाही, पुढच्या पंधरा-वीस जहाजांना मिळाला. म्हणून एकेका जहाजाच्या बिलात तो शोधायला गेलं तर सापडत नाही.

हिशेबनीस : यशाचं एक उदाहरण निवडणं सोपं असतं. मी त्या टक्केवारीकडेच येतो. देशी वाटा मोजण्याची व्याख्या काय? वस्तूच्या एकूण किमतीतून आयात मालाची किंमत वजा करा, उरलं ते देशी. लहान खरेदीत पुरवठादार स्वतःच लिहून देतो, दहा कोटींच्या वर गेलं की लेखापरीक्षकाचा दाखला लागतो. या गणितात एक मोठं भोक आहे. समजा एका नौकेत ३०० रुपयांचा आयात माल आहे आणि ७०० रुपये देशी खर्च. देशी वाटा ७० टक्के. आता गोदीने काम रखडवलं, पगार, व्याज, वीज, देखभाल वाढून देशी खर्च ९०० झाला. देशी वाटा किती? ७५ टक्के. एक स्क्रूसुद्धा नवा बनला नाही, उलट काम बिघडलं, आणि आकडा सुधारला. जी मोजपट्टी ढिलाईला बक्षीस देते तिच्यावर सरकारने हजारो कोटींची कंत्राटं का टांगावी?

लेखक : या मुद्द्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. अट चुकीची नाही, अट मोजण्याची पट्टी चुकीची आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते हेच. रुपयांत मोजलेला वाटा आपल्याला काय शिकायचं राहिलं आहे ते सांगत नाही. नौदलाने स्वतः याहून शहाणी विभागणी केली आहे. नौका तरंगण्यासाठी लागणारा माल, हलण्यासाठी लागणारा आणि लढण्यासाठी लागणारा, असे तीन भाग. २०१५ साली १५ वर्षांचा स्वदेशीकरणाचा आराखडा काढला तेव्हा पहिल्या भागात आपण ९० टक्क्यांच्या आसपास पोचलो होतो, दुसऱ्यात ६० च्या आसपास, तिसऱ्यात त्याहून पुष्कळ खाली. दिल्ली वर्गाच्या विनाशिकांत एकूण वाटा ४२ टक्के होता, कोलकाता वर्गात ५९, विशाखापट्टणम वर्गात ७२. चढण खरी आहे, पण ती बरीचशी पहिल्या भागातली चढण आहे. सांगाडा, पाईप, केबल, झडपा, वातानुकूलन यांचं वजनही मोठं आणि बिलातला आकडाही मोठा. हलवणारं इंजिन उरलेल्या पाव भागात आहे. सांगाडा आपला आणि अडणारी गोष्ट बाहेरची, ही विभागणी मुंबईला नवी नाही. वाडिया घराण्याच्या सुतारांनी १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. लाकूड मलबारचं सागवान, हात मुंबईचे, आराखडे मात्र इंग्लंडहून आलेले. आराखड्यांची पहिली प्रत ‘जावा’ नावाच्या जहाजाबरोबर समुद्रात बुडाली, आणि दुसरी येईपर्यंत मुंबईचे जगातले उत्तम सुतार वाट बघत राहिले. कील ठेवण्याआधीच काम अडलं होतं, आणि ते लाकडासाठी किंवा माणसांसाठी अडलेलं नव्हतं.

त्या पाव भागात काय अडकू शकतं, हे २०१४ नंतर रशियालाच कळलं. कॅलिनिनग्राडच्या यांतर गोदीत ‘अ‍ॅडमिरल ग्रिगोरोविच’ वर्गाच्या फ्रिगेट बांधणीत होत्या. पोलाद रशियाचं, तोफा रशियाच्या, क्षेपणास्त्रं रशियाची, बांधणारे हात रशियाचे. गॅस टर्बाइन मात्र युक्रेनमधल्या मिकोलाईव शहरातल्या झोर्या कारखान्यातली. क्रिमिया बळकावल्यानंतर युक्रेनने पुरवठा बंद केला आणि तीन सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. त्यांतले दोन शेवटी आपण घेतले. इंजिनं भारताने युक्रेनकडून विकत घ्यायची, रशियाला पोचवायची आणि रशियाने ती बसवायची, अशी व्यवस्था झाली. त्या नौका ‘तुशिल’ आणि ‘तमाल’ म्हणून २०२४ आणि २०२५ मध्ये आपल्या ताफ्यात आल्या. त्यांच्या दोन बहिणी गोवा शिपयार्डमध्ये, वास्कोला बांधल्या जात आहेत. रशियासारख्या देशाच्या जहाजांचा देशी वाटा टक्केवारीत काढला असता तर आपल्यापेक्षा कितीतरी वर निघाला असता. तरी ती जहाजं हलली नाहीत. आणि आपण निश्चिंत राहावं अशी स्थिती नाही, कारण विशाखापट्टणम वर्गाच्या आपल्या चारही विनाशिका त्याच झोर्याच्या टर्बाइनवर चालतात. मिकोलाईव २०२२ पासून युद्धाच्या तोंडावर आहे. या नौका अजून तीस वर्षं चालवायच्या आहेत. म्हणून मी म्हणतो, निविदेत ‘५० टक्के देशी’ असं लिहिण्याऐवजी नावं लिहा. मुख्य इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, वीजनिर्मिती संच, मारा नियंत्रण. यांपैकी कोणती वस्तू या जहाजात देशी हवी, कोणती पुढच्या जहाजात, ते कंत्राटावर सही होण्याआधी ठरवा. खुर्च्या, गाद्या, रंग, केबल यांनी टक्के भरून काढण्याची सोय ठेवू नका.

हिशेबनीस : नावं लिहिणं सोपं आहे. इंजिन बनवणं ही वेगळी गोष्ट आहे. ‘कमोर्ता’ वर्गाची पीलस्टिक डिझेल इंजिनं किर्लोस्करने परवान्यावर बनवली, म्हणजे कागदावर देशी. पण आराखडा फ्रेंच, त्यात बदल करायचा तर परवानगी फ्रेंचांची. लढाऊ विमानासाठी काढलेल्या देशी कावेरी इंजिनाचं सागरी रूप विशाखापट्टणमला १२ मेगावॉटपर्यंत चालवून पाहिलं, पुढे ते कुठल्या युद्धनौकेत बसलं? आपल्या नौदलाला वर्षाला इंजिनं लागतात किती? जगातले दोन-चार कारखाने शेकडो इंजिनं विकून त्या खर्चाची भरपाई करतात. आपण मूठभर इंजिनांसाठी तोच खर्च करायचा? त्यापेक्षा स्वस्त उपाय आहेत. सुट्या भागांचा दहा वर्षांचा साठा करा. एक पुरवठादार युक्रेनचा, एक अमेरिकेचा, एक जर्मनीचा असे तीन ठेवा. एकाने दार बंद केलं तर दुसरा उघडा असतो. व्यापारी माणूस असाच विचार करतो आणि त्याचं बुडत नाही.

लेखक : तीन पुरवठादारांचा उपाय आपण आजवर करूनच बघितला आहे. विनाशिकेत युक्रेनची टर्बाइन, निलगिरी वर्गात आणि ‘विक्रांत’मध्ये अमेरिकन एलएम २५०० टर्बाइन, ‘कमोर्ता’त फ्रेंच आराखड्याची डिझेल, निलगिरी वर्गाची डिझेल जर्मन घराण्याची. प्रत्येक वर्गाचे सुटे भाग वेगळे, प्रत्येकाचं प्रशिक्षण वेगळं, प्रत्येकाची दुरुस्तीची हत्यारं वेगळी. इतकं करून विनाशिकेतल्या टर्बाइनच्या जागी अमेरिकन टर्बाइन उचलून ठेवता येत नाही, कारण इंजिनाचा पाया, गिअरबॉक्स, हवा घेण्याची आणि धूर सोडण्याची वाट हे सगळं एकाच यंत्रासाठी आखलेलं असतं. बाजारात माल मिळतो म्हणून जहाजात तो बसेलच असं नाही. साठ्याचंही तसंच. दहा वर्षांचा साठा कराल, पुढच्या वीस वर्षांचं काय? आणि तुम्ही ज्या मूठभर इंजिनांची काळजी करता, ती मूठभर याच फोडाफोडीमुळे झाली आहेत. पोलाद का जमलं ते आठवा. एक जात ठरली आणि ती कोलकात्याच्या, मुंबईच्या, कोचीच्या गोदीत एकदमच लागू लागली. भट्टीला पुरेल इतकी मागणी त्यामुळे तयार झाली. मागणी एकवटणं हे खरेदीदाराचं, म्हणजे सरकारचं काम आहे. पुरवठादारावर टक्क्यांची अट टाकून सरकारला ते टाळता येणार नाही.

परवान्याबद्दल तुमचं म्हणणं मी पूर्ण स्वीकारतो, आणि म्हणूनच एप्रिल २०२५ मधली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नौदलाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॉटचं मध्यम गतीचं सागरी डिझेल इंजिन स्वतःच्या आराखड्याने तयार करण्याचं काम दिलं. खर्च २७० कोटी, त्यातला ७० टक्के सरकारचा, आणि पुढे ३ ते १० मेगावॉटपर्यंतच्या इंजिनांचा आराखडा त्यातून निघावा ही अपेक्षा. एका मोठ्या विनाशिकेच्या किमतीपुढे हा आकडा किती लहान आहे ते बघा. अनेक वर्षं परवान्यावर इंजिन जोडणाऱ्या हातांना पहिल्यांदाच कोऱ्या कागदावर ते काढायला सांगितलं गेलं. हा पट्टा निवडण्यात शहाणपण आहे, कारण इतक्या शक्तीची डिझेल गस्तीनौकांत, तटरक्षक दलाच्या जहाजांत, मदतवाहू जहाजांत, अगदी व्यापारी जहाजांतही लागतात. गॅस टर्बाइनची अट मात्र मी आज घालणार नाही. कावेरीच्या अनुभवानंतर ती घालणं म्हणजे जहाज मुद्दाम अडवून ठेवणं होईल. कुठली वस्तू आज मागायची आणि कुठली दहा वर्षांनी, हे ठरवण्याची अक्कल टक्केवारीत नसते.

जोन्स कायद्याचं उत्तर इथेच देतो. त्या कायद्याने जहाज कुठे जोडायचं ते सांगितलं. ते कधीपर्यंत, कोणत्या किमतीला आणि कोणती विद्या शिकून, हे सांगितलं नाही. त्याच्या उलट टोकाला दक्षिण कोरिया आहे. उल्सानला ह्युंदाईने १९७२ मध्ये गोदी बांधायला घेतली तेव्हा आराखडे स्कॉटलंडचे होते आणि पहिली गिऱ्हाइकं ग्रीक. १९७४ मध्ये त्यांनी पहिलं महाकाय तेलवाहू जहाज दिलं. १९७८ पर्यंत त्यांचा स्वतःचा मोठ्या सागरी इंजिनांचा कारखाना होता, सुरुवातीला परवान्यावरचा. स्वतःच्या आराखड्याचं इंजिन त्यांनी त्यानंतर वीसेक वर्षांनी बाजारात आणलं. आधी सांगाडा, मग परवान्याचं इंजिन, मग स्वतःचं. प्रत्येक पायरीला मुदत होती.

हिशेबनीस : कोरियाच्या डोक्यावर ग्रीक मालक बसला होता. उशीर झाला तर तो जहाज नाकारायचा, दंड लावायचा. आपल्या सरकारी गोदीच्या डोक्यावर कोण आहे? गिऱ्हाईक सरकार, विक्रेता सरकार, उशिराला माफी देणारंही सरकार. आणि आता मी सुरुंगशोधक नौकांचं विचारतो, कारण त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. बारा नौका दक्षिण कोरियाच्या तंत्राने गोवा शिपयार्डमध्येच बांधायच्या, असं ठरलं. सुमारे ३२,००० कोटींचा व्यवहार. तंत्र किती द्यायचं, कोणत्या अटीवर, यावर वर्षानुवर्षं घासाघीस झाली आणि २०१८ मध्ये सगळं मोडलं. २०१९ मध्ये शेवटची जुनी सुरुंगशोधक नौका निवृत्त झाली. तेव्हापासून मुंबई, जवाहरलाल नेहरू बंदर, मार्मागोवा, कोची, विशाखापट्टणम या बंदरांच्या तोंडाशी कोणी सुरुंग पेरले तर ते काढायला खास बांधलेली एकही नौका आपल्याकडे नाही. बाराही कोरियातून आणल्या असत्या तर आज त्या धक्क्याला उभ्या असत्या. देशी अटीची ही किंमत रुपयांत मोजता येत नाही.

लेखक : या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आणि माझ्या बाजूचे लोक हे प्रकरण सहसा काढत नाहीत. या नौकांचा सांगाडा काच-तंतूचा किंवा चुंबकत्व नसलेल्या मालाचा असतो, आवाज आणि चुंबकीय छाप कमीत कमी लागते. हे काम आपल्याकडे त्या प्रमाणात कधी झालेलंच नव्हतं. जे येत नाही ते पहिल्या नौकेपासून, बाराच्या बारा नौकांत, एकाच करारात मागितलं गेलं. पहिल्या दोन-तीन नौका तयार घेऊन बाकीच्या इथे बांधायच्या, असं ठरलं असतं तर आज निदान मुंबईचं आणि गोव्याचं तोंड मोकळं ठेवता आलं असतं. संरक्षणाची तातडीची गरज आणि नवी विद्या शिकण्याची इच्छा या दोन्हींचं ओझं एकाच करारावर टाकणं चूक होतं. जुलै २०२५ मध्ये या नौकांना पुन्हा मंजुरी मिळाली आहे. तीच चूक परत होऊ नये म्हणून तरी ही गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. पण त्या अपयशाचा अर्थ ‘देशी अट नको’ असा मी घेत नाही. एकही पायरी नसलेल्या भिंतीवर चढायला सांगितलं गेलं, असा घेतो.

आणि पायऱ्या बांधून त्या मोडण्याचं पापही खरेदीदाराचंच असतं. १९८१ च्या करारानुसार जर्मन आराखड्याच्या दोन पाणबुड्या जर्मनीतल्या कील शहरात आणि दोन माझगावला बांधायच्या होत्या. ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात आल्या. पाणबुडीच्या दाबाच्या कवचाची वेल्डिंग हे जहाजबांधणीतलं सगळ्यांत नाजूक काम असतं. प्रत्येक सांधा क्षकिरणाने तपासला जातो, आणि त्याला लागणारा वेल्डर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. माझगावने अशी माणसं तयार केली होती. मग लाचखोरीच्या आरोपांत पुढच्या पाणबुड्या अडकल्या आणि बारा वर्षं नव्या पाणबुडीचं पोलाद मुंबईत कापलं गेलं नाही. माणसं पांगली, काही निवृत्त झाली. स्कॉर्पीन पाणबुड्यांच्या २००५ च्या करारानंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. पहिली ‘कलवरी’ २०१२ ऐवजी २०१७ मध्ये मिळाली, त्यामागच्या कारणांत माझगावने स्वतः विकत घ्यायच्या यंत्रसामग्रीचा घोळही होता. पुरवठादाराकडून ५० टक्क्यांचा दाखला मागणाऱ्या सरकारने स्वतःकडून काय दाखला दिला? विद्या टिकवायची तर कामाचा ओघ अखंड हवा. म्हणून देशी वस्तूच्या यादीपुढे मी सरकारची बांधिलकीही त्याच कागदावर लिहून घेईन: हे इंजिन अमुक कसोटीला उतरलं तर पुढच्या इतक्या जहाजांत तेच बसेल.

तुमच्या ग्रीक मालकाची जागा काही अंशी देशातली स्पर्धा घेऊ शकते. मार्च २०२३ मध्ये नव्या गस्तीनौकांचं काम देताना अकरापैकी सात नौका गोवा शिपयार्डला आणि चार कोलकात्याच्या गार्डन रीचला मिळाल्या. एकसारख्या नौका दोन गोद्यांत समोरासमोर बांधल्या जातात तेव्हा कोण मागे पडलं हे लपत नाही.

हिशेबनीस : ठीक. तुमची यादी आणि तुमची बांधिलकी मी मान्य केली असं समजा. पुण्याचं इंजिन ठरलेल्या वर्षी तयार झालं नाही, किंवा चाचणीत अडकलं. सांगाडा गोदीत उभा आहे. आता काय करणार? नौदलाला पुन्हा आठ वर्षं थांबायला सांगणार?

लेखक : नाही. त्या जहाजाला बाहेरचं इंजिन बसवायचं. तारीख कंत्राटात आधीच लिहिलेली असेल, आणि ती उलटली की आयातीचा दरवाजा आपोआप उघडेल, कोणाच्या परवानगीशिवाय. दरम्यान इंजिनाची पुढची चाचणी आणि दुसरा नमुना यांचे पैसे थांबणार नाहीत, कारण ते जहाजाच्या बिलात नसून वेगळ्या खात्यात असतील. सुरुवातीला तुम्हीच तशी वेगळी तरतूद मागितली होती. आणि त्या वर्गाच्या सगळ्या जहाजांच्या इंजिनकक्षाचा पाया, धुराची वाट आणि गिअरबॉक्सचा जोड दोन्ही इंजिनांना चालेल असा पहिल्या दिवसापासून आखायचा. त्याने जहाजाचं वजन थोडं वाढेल, जागा थोडी जाईल.

हिशेबनीस : आणि त्या वाढीव वजनाचा, वाढीव जागेचा खर्च कोणत्या खात्यावर?

लेखक : आराखड्याच्या. आकडा आधी जाहीर करून, म्हणजे दहा वर्षांनी तुम्हाला तो तपासता येईल.